बाजू ती उजवी

२६ फेब्रुवारी

टेलर म्हणतो पाणी मचूळ झालंय. मी म्हणतो नाही. विहीर एक, मधली भिंत एक, आणि जिभा दोन — काय करणार! सकाळी भिंतीवरून कप पुढे केला आणि म्हणाला, "गुरुजी, यात साखर घातलीय की मीठ, तेवढं सांगा." मी प्यायलो. चहा उत्तम होता. शेवटच्या घोटाला किंचित काहीतरी… पण ते कपाचं असेल.

माझ्याच वर्गातला हा. तेव्हा शर्टाची बटणं तोडायचा, आता गल्लीभराची लावतो.

२८ फेब्रुवारी

चिरंजीवाचा फोन. टेलरनेच कळवलं असणार, दुसरं कोण! डॉक्टरांनी मीठ बंद केलंय आणि तुम्ही विहिरीतून मीठच पिताय, असं त्याचं म्हणणं. गल्लीत नळ नाही, येण्याची चिन्हं नाहीत. तेव्हा घराला कुलूप लावायचं आणि त्याच्याकडे, चौदाव्या मजल्यावर, कायमचं राहायला जायचं. मी म्हटलं, एवढ्या उंचावर मला ओहोटी कशी कळणार? तो म्हणाला, "वरच्या खोलीत त्या पाण्याच्या बाई राहतात ना? त्यांना मोजू दे. त्या पिण्याजोगं म्हणाल्या तर राहा. नाही म्हणाल्या तर यायचं, मग कुरकुर नको."

बरं म्हणालो. म्हणावंच लागलं.

सूनबाई बदलीच्या गावी, नात वसतिगृहात. चौदाव्या मजल्यावर तो एकटाच असतो. फोन स्वयंपाकघरात ठेवून बोलतो. मागे नळाचा आवाज येत राहतो.

१ मार्च

पाणीबाईंना विचारलं. त्यांचं खरं नाव सगळ्या गल्लीला माहीत आहे, पण तोंडात बसलंय ते हेच, आणि त्याही ओ देतात. पावसाळा संपल्यावर वरची खोली घेतली. शहरातल्या एका संस्थेकडून आल्यात. जमिनीखालचं पाणी, ओढा, खडक आणि समुद्र यांचं आपापसात काय चालतं, ते बघायला! पहिल्या दिवशी त्यांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, चला, कवितेतलं माणूस घरात राहायला आलं. पण जिन्यात अर्धे कापलेले पत्र्याचे पिंप, वायरींची वेटोळी, चिठ्ठ्या चिकटवलेल्या बाटल्या! वर जायचं तर अंग चोरून जावं लागतं.

आज त्यांनी वायरीला बांधलेलं एक बोटाएवढं नळकांडं विहिरीत सोडलं. खारटपणा सांगतं म्हणे ते. वर बऱ्यापैकी गोडं. खाली-खाली जात राहिलं तसे आकडे चढायला लागले. तळाशी पोचलं तेव्हा बाईंनी नुसती वायर गुंडाळली.

मग कट्ट्यावर बसून समजावून सांगितलं. गोडं पाणी हलकं, खारं जड. किनाऱ्याला जमिनीखाली समुद्र आत शिरलेला असतोच. पठारावरून झिरपत आलेलं गोडं पाणी त्याच्यावर तरंगतं. "दुधावर साय असते तसं, काका. साय पातळ झाली, वरून ओढून घेतली, की खालचं वर येतं." तीन वर्षं पाऊस कमी, गल्लीत पंप जास्त. साय पातळ झाली.

दुधावरची साय! चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, मला कधी सुचली नाही.

४ मार्च

गंमत झाली. चिरंजीवाने फोनवर विचारलं, बाईंचा ओढा कुणीकडे दिसतो? मी सांगितलं, पठारावरून येतो, शाळेच्या मागून वळतो, पुलाखालून जातो आणि खडकांच्या अलीकडे समुद्राला मिळतो. तो म्हणाला, "बाबा, त्यांचा कल. कल विचारतोय मी."

टेलरला सांगितलं तर तो मशीन थांबवून हसला. म्हणाला, गुरुजी, तुमचाही ओढा तोच आहे, पुलाखालून जाणारा.

८ मार्च

बाईंबरोबर ओढ्याकाठाने चालत गेलो. काठी घेतली होती. त्यांनी जागोजागी पाण्यात काचेची नळी बुडवून तापमान घेतलं. मी धोतर वर धरून पाण्यात पाय घातले. बाई म्हणाल्या, काका, तुम्हीसुद्धा मोजताय की! आणि खरंच, वळणावरच्या डोहात पाणी वेगळं लागलं. गार. बाईंनी नळी तिथे लावली आणि मान हलवली. खालून आत येतंय.

मी जन्मभर समजत होतो की ओढा विहिरींना पाणी देतो. मुलांना तसंच शिकवलं. बाई म्हणाल्या, पावसाळ्यात देतो. पण आता, मार्चात, हे जे वाहतंय ते पावसाचं नाही. जमिनीने सांभाळून ठेवलेलं आहे, ती थोडं-थोडं सोडतेय. पावसाळ्यात ओढा देतो, उन्हाळ्यात घेतो. मी विचारलं, हे पाणी पडलं तरी कधी असेल? त्या म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. काही गेल्या वर्षीचं. खडकाच्या बारीक फटींतून येतं ते फार जुनंही असू शकेल, तीस-चाळीस वर्षांपूर्वी पडलेलं.

तीस-चाळीस वर्षं! म्हणजे तेव्हाचा एखादा पाऊस, ज्यात मी आणि ही एका छत्रीत शाळेच्या वळणापर्यंत आलो आणि तिचा उजवा खांदा भिजला, माझा डावा — तो पाऊस पठारावर मुरला, अंधारात फटीफटीतून चालत राहिला आणि आज माझ्या पायांवरून गेला असेल. ही जाऊन सहा वर्षं झाली. पाऊस आता पोचतोय.

बाई पुढे निघून गेल्या होत्या. हाका मारत होत्या. मी डोहातच उभा.

११ मार्च

आज मी बाईंना काळ्या खडकाचा झरा सांगितला. इतके दिवस कसा सांगितला नाही, कोण जाणे. मला वाटलं, तो कवितेतला आहे, शास्त्रातला नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात हिने मला तिथे नेलं. ही इथलीच, मी बाहेरून आलेला. मोठ्या ओहोटीला समुद्र पार मागे जातो आणि एरवी पाण्याखाली असलेला काळा खडक उघडा पडतो. कण्यासारखा लांब, पाठ समुद्रात गेलेली. तिने वाळूत हाताने खड्डा केला, त्यात पाणी साचलं, पितळी वाटीने काढून मला दिलं. भोवती सगळा खारा दर्या आणि वाटीत गोडं पाणी! थंडगार. मी तेव्हा पाण्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होतो, हे इथे लिहायला हरकत नाही.

त्याच संध्याकाळी घरी येऊन कविता केली. पुढे शाळेत चालीवर म्हणवून घ्यायचो, गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ आहे:

ओहोटीची वाळू माझी पाउले भिजवी,
काळ्या खडकाशी वळा, बाजू ती उजवी.
वर दर्या खारा, खाली गोड पाणी वाहे,
तहानल्या पाखरांना ठाऊक ते आहे.

ही कविता म्हटली की ही हसायची. म्हणायची, "कविता छानच आहे. पण तहान लागली की मला विचारा हं." थट्टेखोर होती.

बाईंना म्हणून दाखवली. त्या चक्क उठून उभ्या राहिल्या! म्हणाल्या, काका, हेच तर मी शोधतेय. पठाराचं पाणी खडकाखालून जाऊन समुद्रात कुठे बाहेर पडतं, त्याचं तोंड. तो झरा अजून वाहत असेल तर पठाराचा दाब शिल्लक आहे. मग विहीर वाचते. पंप बंद करायचे, पोहऱ्याने वरवरचं काढायचं, एका पावसाळ्यात साय पुन्हा जाड होईल. आणि झरा खारा झाला असेल, तर? मी विचारलं. तर समुद्र आत आला, काका. मग मला "पिण्याजोगं नाही" असंच लिहावं लागेल.

आता सगळं माझ्या झऱ्यावर आहे. बरं वाटलं. भीतीही वाटली.

१४ मार्च

बाई कामाला पक्क्या. एकट्याच्या सांगण्यावर विसंबत नाहीत. त्यांनी टेलरला वेगळं विचारलं, पिठाच्या गिरणीवाल्याला वेगळं, आणि पोस्टातल्या बाईंना वेगळं. तिघांनीही सांगितलं, काळ्या खडकाच्या उजवीकडे. "तीन माणसं, एकमेकांना न विचारता एकच जागा सांगतात. म्हणजे पक्कं," असं म्हणून त्यांनी नकाशावर लाल टिंब दिलं.

मला अभिमान वाटला. माझी मुलं विसरली नाहीत!

१७ मार्च

टेलरने बाईंना जाड प्लास्टिकच्या पिशव्या शिवून दिल्या. कापलेला पिंप वाळूत उपडा दाबायचा, वरच्या भोकाला पिशवी बांधायची. खालून पाणी झिरपलं तर पिशवी फुगते. टेलर म्हणाला, जन्मभर माणसांची मापं घेतली, समुद्राचं कापड पहिल्यांदाच शिवतोय.

२० मार्च

मोठी ओहोटी. सकाळी गेलो. टेलर पिंप घेऊन, बाई वायरी घेऊन, मी काठी घेऊन.

समुद्र मागे गेला होता, इतका की क्षितिजाशी जाऊन बसला आहे असं वाटावं. खडक उघडा, ओला, काळा. कविता म्हणत-म्हणतच मी उजवीकडे वळलो. टेलरही माझ्याबरोबर म्हणायला लागला. मोठा माणूस, डोक्यावर पिंप, आणि चौथीतल्या चालीवर! बाई हसल्या. किती छान सकाळ होती.

खड्डा केला. पाणी आलं. बाईंनी नळकांडं बुडवलं. खारं. दोन पावलं पुढे केला. खारं. खडकाला चिकटून केला. खारंच. पिंप दाबला, पिशवी बांधली, वाट बघितली. पिशवी पडून राहिली, रिकामी, कातडी गळून पडावी तशी.

मी ओंजळीने चाखलं. नुसता समुद्र.

मग भरती परतायला लागली. पलीकडच्या बाजूला शेवाळ आहे, पाय ठरत नाही, तिकडे कुणी जात नाही. आणि जायला वेळही उरला नव्हता. बाईंनी पिंप उपटला. टेलरने रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली.

२१ मार्च

चिरंजीवाला फोनवर सांगितलं. झरा मेला.

"कुठे खणलंत?"

"उजवीकडे. कवितेत आहे तिथेच."

पलीकडे काही नाही. नळही बंद होता. मला वाटलं फोन कटला. मग तो म्हणाला, "बरं." जरा थांबून म्हणाला, येतो मी न्यायला. रजा टाकतो.

२२ मार्च

बाई म्हणाल्या, घाईने लिहीत नाही, पुढच्या मोठ्या ओहोटीला ओढ्याच्या मुखाशी एकदा बघते. पण त्यांचा चेहरा मला वाचता येतो. निकाल वाचून दाखवायच्या आधी आमचे हेडमास्तर असेच चष्मा पुसायचे.

२५ मार्च

पाणी मचूळ आहे. लागतं मला. पहिल्यापासून लागत होतं.

२७ मार्च

सामान काय न्यायचं? कपडे, औषधं, दोन पुस्तकं. चौदाव्या मजल्यावर आणखी काय लागतं! बाकीचं इथलं. ओहोटीचा वास पेटीत भरता येत नाही.

दुपारी ओट्यावर बसून डुलकी लागली. स्वप्नात ही पुढे चालली होती, वाळूतून. मी मागून कविता म्हणत होतो. ती वळून बघेना. मी म्हटलं, अगं थांब, वळायचं इथे आहे. ती चालतच राहिली. जागा झालो तर टेलरचं मशीन चालू होतं.

२९ मार्च

टेलरने पिशवी शिवून आणली. दणकट, चार खिशांची, आणि तिला बटणं! सहा. म्हणाला, "तोडून ठेवली होती, गुरुजी, परत करतोय." झाडांना पाणी घालीन म्हणाला. कसलं पाणी, विचारलं मी. भांडायचं होतं मला. तो भांडला नाही.

जाताना म्हणाला, "तिकडे कविता म्हणू नका. लिफ्टमध्ये लोक घाबरतील."

२ एप्रिल

चिरंजीव आला. बारीक झालाय. पोळ्या डब्याच्या खातो, कळतंच ते.

आल्यापासून घरात नुसता फिरतोय. विहिरीच्या कट्ट्यावर बसला, बराच वेळ खाली बघत. बाई भेटल्या, त्यांना एकच प्रश्न विचारला, झरा सापडला असता तर खरंच विहीर वाचली असती का? त्या म्हणाल्या, हो, मला तशी आशा होती. तो आत गेला. मांडणीवरची भांडी खाली-वर करत होता. काय शोधतोस? म्हणाला, आईची पितळी वाटी. मी म्हटलं, घे हो, ती न्यायचीच आहे.

संध्याकाळी ओट्यावर शेजारी बसला आणि म्हणाला, "बाबा, ती कविता म्हणा ना." मोठा झाल्यापासून त्याने कधी असं काही मागितलं नव्हतं! मी म्हटली. सगळी, चालीवर. ‘बाजू ती उजवी’ला आलो तेव्हा त्याने तोंड रस्त्याकडे फिरवलं. मला वाटलं, त्याला आईची आठवण झाली.

मी त्याला म्हणालो, तुझ्याकडे आलो की तुलाही रोज ऐकावी लागेल. तो म्हणाला, त्यासाठीच तर तुम्हाला न्यायचं होतं.

३ एप्रिल

गाडी दुपारची होती, ओहोटी सकाळची. चिरंजीव म्हणाला, एकदा खडक बघून येऊ. बाई लांब ओढ्याच्या मुखाशी पिंप लावत होत्या.

मी आपला उजवीकडे वळलो. मागे पावलं वाजेनात म्हणून बघितलं. तो डावीकडे गेला होता, शेवाळावरून, अजिबात न घसरता. पाय ठेवायच्या जागा पाठ असल्यासारखा. कपारीशी गुडघे टेकले, वाळू उकरली, खिशातून हिची वाटी काढली. मी काठी टेकत, धडपडत पोचेपर्यंत खड्डा भरला होता.

"आई इकडे आणायची मला. तुम्ही शाळेत असायचात," तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता.

वाटी घेतली. प्यायलो. गोडं. गार, डोहातल्यासारखं.

भिजवी, उजवी. चाळीस वर्षं सगळ्या गल्लीला मी यमक पाजलं!

फोनवरच्या त्या गप्प बसण्याबद्दल मी त्याला विचारलं नाही. वाटी पुन्हा भरून त्याच्यापुढे धरली आणि म्हणालो, गाडी चुकेल आपली.

"चुकू दे, बाबा," तो म्हणाला. वाटी तशीच हातात ठेवून उठला, आणि बाईंना हाक मारली.